वाट शोधणारे अल्गोरिदम गटाने शिकायचे तर: फरशी, खडू, सुतळी आणि चिठ्ठ्या

कागदावर चक्रव्यूह काढून कुणाच्याही हातात द्या, दोन सेकंदांत बोट वाटेवर फिरतं. वाट शोधणारे अल्गोरिदम शिकताना नेमकी हीच अडचण होते. आपल्याला सगळा नकाशा एकदम दिसतो, आणि प्रोग्रॅमला एका वेळी एकच चौकट आणि तिचे शेजारी दिसतात. त्यामुळे "इकडून वळायचं हे तर उघड आहे" असं वाटत राहतं आणि रांग, ढीग, खुणा हे सगळं कशासाठी, तेच कळत नाही.

गटाने शिकण्याचा खरा फायदा इथे आहे. अल्गोरिदमची स्मृती माणसांत वाटून टाकायची: एकाकडे रांग, एकाकडे खडू, एक जण फक्त पायाखालची फरशी पाहणार. संपूर्ण नकाशा कुणालाच वापरता येत नाही, आणि तरीही वाट सापडते. ती कशी सापडली हे प्रत्येकाला आपापल्या तुकड्यापुरतं हातांनी कळलेलं असतं. खाली चार बैठकींचा आराखडा दिला आहे. प्रत्येक बैठक साधारण दोन तासांची. पहिल्या तीन बैठकींत लॅपटॉप उघडायचा नाही. हा नियम पाळणं सर्वांत अवघड जातं, पण तो पाळाच.

जमवाजमव

माणसं ६ ते ८. चारपेक्षा कमी असली तर एकेकाकडे तीन-तीन कामं येतात आणि पुन्हा एकाच डोक्यात सगळा नकाशा गोळा होतो. दहाच्या वर गेलात तर निम्मे जण फोन काढतात. तेव्हा दोन गट करा.

जागेसाठी सोसायटीचा हॉल, कॉलेजची रिकामी वर्गखोली किंवा गच्ची चालेल. दोन फुटी फरश्या असलेली जमीन मिळाली तर आखणीचं कामच उरत नाही. ७ फरश्या लांब आणि ५ फरश्या रुंद, म्हणजे १४ बाय १० फुटांची जागा पुरते. नुसता कोबा असेल तर खडूने आखा, पण चौकट दीड फुटापेक्षा लहान नको, कारण माणसाला तिच्यात उभं राहायचं आहे.

सामान: खडूची एक पेटी, ओलं फडकं, पन्नासेक चिंचोके (कॅरमच्या सोंगट्या अपुऱ्या पडतात), एका कागदाचे आठ तुकडे केलेल्या साठेक चिठ्ठ्या, भिंतीसाठी वर्तमानपत्राचे तीन कागद, सुतळीचे दहा तुकडे, कपडे वाळत घालायचे दहा चिमटे आणि जाड मार्कर.

आणखी एक नियम पहिल्या दिवशीच ठरवा. ज्याला हा विषय आधीपासून येतो त्याच्याकडे हिशोबाचं काम द्यायचं आणि त्याने बैठक संपेपर्यंत फक्त आकडे बोलायचे. गट मोडण्याचं सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे जाणकाराने तिसऱ्याच मिनिटाला उत्तर सांगून टाकणं.

पहिली बैठक: लाटेसारखं पसरणं

पहिला अल्गोरिदम ब्रेड्थ फर्स्ट सर्च, म्हणजे बीएफएस. एडवर्ड मूर यांनी चक्रव्यूहातली सर्वांत छोटी वाट शोधण्यासाठी ही रीत १९५९ मध्ये प्रसिद्ध केली. दोन वर्षांनी सी. वाय. ली यांनी ती सर्किटमधल्या तारा कुठून न्यायच्या हे ठरवण्यासाठी वापरली.

नकाशा असा मांडा. ५ ओळी, ७ रकाने. ओळी वरून मोजायच्या, रकाने डावीकडून. सुरुवात ओळ ३, रकाना २ मध्ये. मुक्काम ओळ ३, रकाना ६ मध्ये. रकाना ४ मधल्या ओळी २, ३ आणि ४ वर वर्तमानपत्र पसरा, ती भिंत. म्हणजे भिंतीला वरून किंवा खालून वळसा घालावा लागणार. तिरकं जायचं नाही.

कामांची वाटणी अशी करा. 'पाय' फरशीवर उभा राहून फक्त चार शेजारी पाहतो. 'खडू' फरशीवर आकडा आणि बाण काढतो. 'चिंचोके' पाहिलेल्या फरशीवर खूण ठेवतो. 'रांग' चिठ्ठ्या ओळीने मांडून बसते, तीही नकाशाकडे पाठ करून. 'हिशोब' किती फरश्या उघडल्या ते मोजतो. उरलेले तपासनीस, त्यांनी चूक दिसली की टाळी वाजवायची, पण चूक काय ते सांगायचं नाही.

आता चाल:

१. सुरुवातीच्या फरशीवर ० लिहा, चिंचोका ठेवा, तिची चिठ्ठी (ओळ-रकाना, म्हणजे "३-२") रांगेत लावा.

२. रांग पुढची चिठ्ठी उचलून मोठ्याने वाचते. पाय त्या फरशीवर जातो.

३. पाय ठरलेल्या क्रमाने विचारतो: वर, उजवीकडे, खाली, डावीकडे. शेजारची फरशी भिंत नसेल आणि तिच्यावर चिंचोका नसेल, तर तिथे लगेच चिंचोका ठेवायचा, पायाखालच्या आकड्यात १ मिळवून तो लिहायचा, बाण काढायचा आणि तिची चिठ्ठी रांगेच्या शेवटी लावायची.

४. मुक्कामाची चिठ्ठी रांगेतून उचलली गेली की थांबा. मग मुक्कामापासून बाण धरत उलटं चाला.

बाण नेहमी जिथून आलो त्या फरशीकडे दाखवायचा. नवे लोक हमखास उलटा काढतात, पुढे जाण्याच्या दिशेने. एका फरशीवरून पुढे तीन ठिकाणी जाता येतं, मागे मात्र एकाच ठिकाणी. म्हणून मागचा बाण एकमेव असतो, आणि शेवटी वाट जुळवता येते ती त्यामुळेच.

बरोबर चाललं आहे का, हे तपासायला आकडे घ्या. ० लिहिलेली फरशी १, मग १ च्या ४, २ च्या ६, ३ च्या ४, ४ च्या २, ५ च्या २, ६ च्या ४, ७ च्या ५. मुक्कामावर ८ येतो. मुक्कामाची चिठ्ठी उचलली जाण्याआधी किमान २८ फरश्या उघडलेल्या असतात. वाट ८ पावलांची, आणि ती शोधायला ३२ मोकळ्या फरश्यांपैकी जवळजवळ सगळ्या तुडवल्या! हा आकडा भिंतीवर लिहून ठेवा, तिसऱ्या बैठकीत लागेल.

या खेळात दोन चुका बहुतेक गटांत होतात. पहिली म्हणजे चिंचोका फरशीवर उभं राहिल्यावर ठेवणं. तो चिठ्ठी रांगेत लावतानाच ठेवायचा. उशीर केला तर एकच फरशी दोन वेगवेगळ्या शेजाऱ्यांकडून रांगेत येते आणि रांग विनाकारण फुगते. गट ही चूक करत असेल तर करू द्या. रांगेत "२-३" दोनदा वाचली गेली की कुणीतरी स्वतःच बोलतं. दुसरी चूक रांगेची. घाईत कुणी चिठ्ठ्या एकावर एक ठेवू लागतं आणि वरचीच उचलतं. तेवढ्याने अल्गोरिदम बदलतो.

तो बदल मुद्दाम करून पाहा. फरशी पुसा, तोच नकाशा, तोच विचारण्याचा क्रम, पण चिठ्ठी नेहमी शेवटून उचलायची. ही डेप्थ फर्स्ट सर्च झाली. पाय आधी डावीकडच्या कडेला जाईल, खाली उतरेल, तळाच्या ओळीने थेट उजव्या कोपऱ्यापर्यंत जाईल आणि मग वर येऊन मुक्कामाला पोचेल. १२ पावलं. वाट मिळाली, पण सर्वांत छोटी नव्हे. फरश्या मात्र फक्त १२ उघडल्या. "मग ही रीत चांगली की वाईट?" हा वाद गटात होऊ द्या, दहा मिनिटं दिली तरी चालतील. भिंती दुसरीकडे सरकवा आणि पुन्हा खेळा, म्हणजे वाद आपोआप मिटेल.

दुसरी बैठक: जेव्हा पावलांची किंमत सारखी नसते

बीएफएस पावलं मोजतो. रस्त्यावर मात्र एक पाऊल दोन मिनिटांचं असतं आणि दुसरं बारा मिनिटांचं. इथून एड्सखर डायक्स्ट्रा यांचा अल्गोरिदम सुरू होतो. नावाच्या स्पेलिंगमध्ये मधे 'जे' (j) हे अक्षर असल्यामुळे आपल्याकडे कॉलेजात 'डिजकस्ट्रा' सर्रास ऐकू येतं, उच्चार डायक्स्ट्रा. त्यांनी हा अल्गोरिदम १९५६ मध्ये ॲमस्टरडॅममधल्या एका कॅफेत, कागद-पेन्सिल न घेता, वीसेक मिनिटांत मनात रचला आणि १९५९ मध्ये प्रसिद्ध केला. आर्मॅक या नव्या संगणकाचं काम लोकांना दाखवायला नेदरलँड्समधल्या ६४ शहरांचा नकाशा त्यांनी वापरला होता. आपण सात ठिकाणांवर भागवू.

आता फरशी नको. सात जण सात ठिकाणं होतात: घर, चौक, शाळा, मंदिर, बाजार, पूल, स्टँड. आठवा माणूस चिठ्ठ्यांचा ढीग सांभाळतो. माणसं कमी असतील तर एकेकाला दोन खुर्च्या द्या. दोघांमध्ये सुतळी धरायची आणि तिला चिमट्याने मिनिटांची चिठ्ठी लावायची:

घर–चौक ४, घर–शाळा १०, चौक–शाळा ३, चौक–मंदिर ९, शाळा–मंदिर ४, शाळा–बाजार १२, मंदिर–बाजार ५, मंदिर–पूल ८, बाजार–स्टँड ६, पूल–स्टँड २.

प्रत्येक ठिकाणाच्या हातात एक कागद. त्यावर दोनच गोष्टी: आतापर्यंत ऐकलेली सर्वांत कमी वेळ, आणि ती कुणाकडून आली. सुरुवातीला घराकडे ०, बाकी सगळ्यांकडे "माहीत नाही". आपल्या हातातल्या सुतळ्यांपलीकडे कुणी पाहायचं नाही.

ढिगाचा नियम एकच: नेहमी सर्वांत लहान आकड्याची चिठ्ठी काढायची. ज्याचं नाव निघेल तो पुढे येतो आणि प्रत्येक सुतळीच्या पलीकडच्याला सांगतो: "माझ्यापर्यंत इतकी मिनिटं, सुतळीची इतकी, तुझ्यापर्यंत एकूण इतकी." ऐकणाऱ्याचा आधीचा आकडा मोठा असेल तर तो खोडतो, नवा लिहितो आणि नवी चिठ्ठी ढिगात टाकतो. तसा नसेल तर मान हलवून गप्प.

खेळ असा जातो. घर बोलतं: चौकाला ४, शाळेला १०. ढिगातून चौक (४) निघतो आणि शाळेला सांगतो ७. शाळा १० खोडून ७ लिहिते. मंदिराला मिळतात १३. मग शाळा (७) निघते: मंदिर १३ वरून ११ वर येतं, बाजाराला १९. मंदिर (११) निघतं: बाजार १९ वरून १६ वर, पुलाला १९. बाजार (१६) निघतो आणि स्टँडला सांगतो २२.

इथे गटातलं कुणीतरी हमखास ओरडतं, "पोचलो!" थांबवा त्यांना. स्टँडने २२ ऐकलं आहे, पण त्याची चिठ्ठी ढिगातून निघालेली नाही. ढिगात अजून पूल १९ वर बसला आहे. तो निघतो, स्टँडला सांगतो २१, आणि २२ खोडला जातो. आता ढिगातून स्टँड २१ निघाला की काम संपलं. वाट घर–चौक–शाळा–मंदिर–पूल–स्टँड. डायक्स्ट्रामधली सर्वांत महागडी चूक हीच: मुक्कामाचं नाव ऐकलं की थांबणं. थांबायचं ते मुक्कामाची चिठ्ठी ढिगातून निघाली की, कारण तोवर ढिगात उरलेल्या सगळ्या चिठ्ठ्या तिच्याएवढ्या किंवा तिच्याहून मोठ्या असतात आणि त्यांच्यामार्फत स्वस्त वाट येऊ शकत नाही.

आता पुन्हा खेळा, या वेळी सुतळ्यांवरचे आकडे झाकून, बीएफएसने. घर–शाळा–बाजार–स्टँड, तीनच पावलं. चिमटे उघडून बेरीज करा: २८ मिनिटं. पाच पावलांची वाट २१ मिनिटांत आणि तीन पावलांची २८ मिनिटांत. पावलं आणि किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे नंतर कुणी विसरत नाही.

खोडलेल्या आकड्यांच्या जुन्या चिठ्ठ्यांचं काय? त्या ढिगात शोधत बसू नका. शाळा-१० ची चिठ्ठी आपली पाळी आली की निघेल. शाळेच्या कागदावर ७ आहे हे पाहायचं आणि चिठ्ठी फेकून द्यायची. या नकाशात एकूण ११ चिठ्ठ्या लिहिल्या जातात. त्यांतल्या तीन शिळ्या निघतात (शाळा १०, मंदिर १३, बाजार १९) आणि स्टँड २२ ही ढिगातच राहते. तुमची बेरीज ११ आली नाही तर कुणीतरी आकडा कमी झाला नसतानाही चिठ्ठी टाकली आहे, किंवा कमी झाल्यावर टाकायची राहिली आहे. चौथ्या बैठकीत कोड लिहाल तेव्हा ही शिळी चिठ्ठी फेकण्याची ओळ नेमकी आठवेल.

वेळ उरला तर एकदिशा सुतळ्यांचा एक छोटा खेळ करा. क पासून ख पर्यंत २, क पासून ग पर्यंत ५, ग पासून ख पर्यंत उणे ४. डायक्स्ट्राने खेळलात तर ख आधी २ वर निघून जातो आणि त्याचं काम संपतं, पण खरी किंमत ५ वजा ४, म्हणजे १. उणे किंमत आली की "लहान चिठ्ठी निघाली म्हणजे ती पक्की" हा भरवसाच तुटतो. तिथे बेलमन-फोर्ड हा वेगळा अल्गोरिदम लागतो. तो इथे शिकू नका, नुसतं नाव लिहून ठेवा.

तिसरी बैठक: अंदाज घेऊन चालणं

डायक्स्ट्रा सगळ्या दिशांना सारखाच पसरतो. मुक्काम पूर्वेला आहे हे माहीत असूनही तो पश्चिमेकडच्या गल्ल्या तपासत बसतो. ही उधळपट्टी टाळण्यासाठी १९६८ मध्ये स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमधल्या पीटर हार्ट, निल्स निल्सन आणि बर्ट्रम राफेल यांनी ए-स्टार मांडला. शेकी नावाचा फिरता यंत्रमानव तिथे तयार होत होता, त्याला खोल्यांमधून वाट काढायची होती.

बदल एका ओळीचा आहे. चिठ्ठीवर एकाऐवजी दोन आकडे लिहायचे: आतापर्यंतची खरी किंमत, आणि मुक्कामापर्यंत उरलेल्या किमतीचा अंदाज. ढिगातून बेरीज सर्वांत लहान असलेली चिठ्ठी काढायची. बेरीज सारखी असेल तर ज्याचा अंदाज लहान, ती आधी.

पुन्हा पहिल्या बैठकीची फरशी मांडा. अंदाजासाठी भिंत नाहीच असं समजून मोजा: किती ओळी दूर अधिक किती रकाने दूर. सुरुवातीपासून ४. तिच्या उजवीकडच्या फरशीवर १ अधिक ३, बेरीज ४. डावीकडच्या फरशीवर १ अधिक ५, बेरीज ६. आधी उजवीकडची निघते, भिंतीला आपटते, मग ६ बेरजेच्या फरश्या निघतात आणि शेवटी वळसा ८ वर मिळतो.

मुक्कामाआधी उघडलेल्या फरश्या मोजा: १२. भिंतीवर लिहिलेला २८ आठवा. वाट तीच, ८ पावलांची. डेप्थ फर्स्टनेही १२ च फरश्या उघडल्या होत्या, पण वाट १२ पावलांची दिली होती.

आता बरोबरीचा नियम उलटा करा. बेरीज सारखी असेल तर ज्याचा अंदाज मोठा ती आधी. उघडलेल्या फरश्या २४ होतात. वाट तितकीच छोटी, कष्ट दुप्पट. खुल्या मैदानासारख्या नकाशावर, जिथे सारख्या लांबीच्या ढीगभर वाटा असतात, हा फरक फार मोठा होतो. बरेच जण ए-स्टार लिहितात आणि "हा तर डायक्स्ट्राइतकाच हळू आहे" म्हणतात, तेव्हा कारण बहुधा इथे असतं.

अंदाज कसा असावा, हे मात्र सुतळ्यांवर शिकवा. दुसऱ्या बैठकीचा नकाशा घ्या आणि प्रत्येकाच्या कपाळावर, हो, कपाळावरच, त्याचा अंदाज चिकटवा: घर १५, चौक १३, शाळा ११, मंदिर ८, बाजार ५, पूल २, स्टँड ०. हे सगळे आकडे खऱ्या उरलेल्या वेळेइतके किंवा त्याहून कमी आहेत. खेळा, उत्तर २१ येतं. आता पुलाच्या कपाळावर २ ऐवजी १० लावा. पूल १९ अधिक १० म्हणजे २९ वर बसतो, ढिगात तळाशी. बाजार आधी निघतो, स्टँडला २२ देतो, स्टँड २२ वरच बाहेर पडतो. खेळ संपला, उत्तर चुकलं. पुलाने फक्त अतिशयोक्ती केली होती.

म्हणजे अंदाज कमी पडला तर चालतो, फक्त काम वाढतं. सगळ्यांचे अंदाज ० केलेत तर ए-स्टारचा डायक्स्ट्रा होतो, तेही करून पाहा. अंदाज जास्त झाला तर चुकीची वाट मिळू शकते. गेम बनवणारे कधीकधी वेगासाठी अंदाज मुद्दाम फुगवतात. थोडी लांब वाट मिळाली तरी खेळाडूला कळत नाही. तो त्यांचा व्यवहार आहे. शिकताना फुगवू नका.

तिरकं चालायला परवानगी दिलीत की ओळी अधिक रकाने हा अंदाज लगेच खोटा पडतो. ३ रकाने आणि १ ओळ दूर असलेल्या फरशीसाठी तो ४ सांगतो, पण एक तिरकं पाऊल (१.४१) आणि दोन सरळ, अशी खरी किंमत ३.४१ च असते. तिथे मोठा फरक अधिक ०.४१ गुणिले लहान फरक, हे सूत्र वापरा. दशांश टाळायचे असतील तर सरळ पावलाला १० आणि तिरक्याला १४ द्या. आणि दोन भिंतींच्या कोपऱ्यांच्या फटीतून तिरकं निसटता येतं की नाही, हे आधीच ठरवा. ठरवलं नाही तर पाय आणि तपासनीस भांडतील.

चौथी बैठक: आता लॅपटॉप

दोघांत एक लॅपटॉप. एकाने टाइप करायचं, दुसऱ्याने ढिगातून पुढे काय निघणार ते बोलायचं. दर पंधरा मिनिटांनी अदलाबदल. भाषा कोणतीही चालेल, पायथनमध्ये सामान तयार मिळतं.

बीएफएस, डायक्स्ट्रा आणि ए-स्टार हे तीन वेगळे प्रोग्रॅम लिहू नका. एकच सांगाडा लिहा: चिठ्ठी काढ, शिळी असेल तर फेक, मुक्काम असेल तर थांब, नाहीतर शेजाऱ्यांना सांग. डायक्स्ट्रा आणि ए-स्टारमध्ये फक्त ढिगात टाकायचा आकडा बदलतो, बीएफएसमध्ये ढिगाच्या जागी रांग येते. तीन बैठका हातांनी खेळलेल्या गटाला हे साधारण तासाभरात जमतं.

जिथे अडतं ती ठिकाणं अशी.

रांगेसाठी साधी यादी घेऊन तिचा पहिला घटक काढत राहिलात तर दर वेळी उरलेली सगळी यादी एक घर पुढे सरकते. ३५ फरश्यांवर कळत नाही, पण रांग फार लांब झाली की काम हळू होऊ लागतं. पायथनमधली तयार रांग, डेक (deque), वापरा.

ढिगासाठी पायथनमधलंच तयार मॉड्यूल, हीपक्यू (heapq). त्यात आकडा आणि ठिकाण अशी जोडी टाकता, तेव्हा आकडे सारखे निघाले की पायथन ठिकाणांची तुलना करू पाहतो. ठिकाण म्हणजे तुम्ही बनवलेली वस्तू असेल तर तिथे प्रोग्रॅम त्रुटी देऊन थांबतो. मधे एक चढता क्रमांक टाका, तुलना तिथेच मिटते.

ओळ आणि रकाना उलटेपालटे होणं हा सर्वांत चिवट दोष. चौरस नकाशावर तो लपून राहतो, म्हणून चाचणीचा नकाशा कधीही चौरस घेऊ नका. आपला ५ बाय ७ त्यासाठीच.

वाट जुळवताना मागचे बाण धरत येता, त्यामुळे यादी उलटी मिळते. ती शेवटी फिरवायला विसरतात. सुरुवातीच्या फरशीला बाण नसतो हेही विसरतात, मग प्रोग्रॅम तिथेच घोटाळत बसतो.

चाचण्या आधी लिहून ठेवा: आपल्या फरशीचं उत्तर ८ आणि सुतळ्यांचं २१ आलं पाहिजे, सुरुवात आणि मुक्काम एकच असेल तर ०, रकाना ४ पूर्ण बंद केला तर "वाट नाही" आणि प्रोग्रॅम शांतपणे थांबला पाहिजे. शेवटी २० बाय ३० चे हजार नकाशे बनवा, दर दहा फरश्यांतल्या साधारण तीन यादृच्छिक भिंती करा, आणि बीएफएस व ए-स्टार यांच्या वाटांची लांबी ताडून पाहा. वाटा वेगळ्या असू शकतात, लांबी वेगळी असता कामा नये. एकदा जरी जुळली नाही तर तो नकाशा जपून ठेवा आणि फरशीवर खेळा. चूक कुणाच्या हातून झाली ते दिसेल.

प्रत्यक्ष बसणं शक्य नसेल, गटातला एक नागपुरात आणि दुसरा न्यू जर्सीत असेल, तर सामायिक स्प्रेडशीटवर हेच खेळता येतं. रंग म्हणजे चिंचोके, बाजूचा स्तंभ म्हणजे रांग. मात्र रांग सांभाळणाऱ्याला नकाशा दिसतोच, त्यामुळे त्याने तो भाग स्क्रीनबाहेर सरकवून बसायचं.

पुढे खऱ्या रस्त्यावर

यानंतर गटाने आपल्याच भागाचा नकाशा घ्यावा. ओपनस्ट्रीटमॅपची माहिती मोफत मिळते आणि पायथनची ओएसएमएनएक्स ही लायब्ररी ती थेट बिंदू आणि रेषांच्या रूपात देते. सुरुवात दीड-दोन किलोमीटरच्या परिघाने करा. अख्खं शहर उतरवलंत तर बैठक डाउनलोडची पट्टी पाहण्यातच जाईल.

इथे पहिल्यांदा कळतं की सुतळीला दोन टोकं असली तरी दिशा एकच असू शकते. पुण्याच्या पेठांतले एकेरी रस्ते चालणाऱ्याला दुहेरी आणि स्कूटरला एकेरी. एकाच नकाशातून दोन वेगवेगळी जाळी निघतात, म्हणून उतरवताना चालण्याचं जाळं हवं की गाडीचं, ते सांगावं लागतं.

किंमत अंतरात धरायची की वेळेत, हा दुसरा प्रश्न. वेळेत धरलीत तर अंदाजही वेळेतच हवा: सरळ रेषेतलं अंतर भागिले नकाशातला सर्वांत जास्त वेग. सरासरी वेगाने भागलंत तर अंदाज फुगतो आणि तुमच्या कपाळावर पुलाचा १० चिकटतो. भोरहून वरंधा घाटाने महाडला उतरताना सरळ रेषेचा अंदाज खऱ्या वेळेपेक्षा फारच कमी निघतो. तिथे ए-स्टार हळू चालतो, पण चुकत नाही. गोव्यात रायबंदरहून दिवाडीला जायचं तर पाण्यावरची रेषा छोटी, आणि किंमत मात्र फेरीबोटीची वाट पाहण्यात आहे. ती मिनिटं रेषेच्या किमतीत हाताने घालावी लागतात, नाहीतर प्रोग्रॅम प्रत्येकाला आनंदाने धक्क्यावर पाठवत राहतो.

प्रत्येकाने आपली रोजची एक वाट निवडावी, प्रोग्रॅमने दिलेली वाट तिच्याशेजारी ठेवावी, आणि दोन्ही वेगळ्या निघाल्या तर कोणत्या रेषेची किंमत चुकली आहे ते शोधून काढावं. बहुतेक वेळा ते एखादं फाटक, भर बाजाराची गल्ली किंवा नकाशात न आलेला जिना निघतो.